चौथ्या कप्प्याची दोरी

७ तारीख, शनिवार

उशीर झाला, रागावू नकोस. तू गेलीस त्याच दिवशी लिहायला बसणार होतो आणि आज सातवा दिवस उजाडला. पहिले दोन दिवस मीच फुगून बसलो होतो. पुढचे दोन दिवस पेन सापडेना. सापडलं तेव्हा काय लिहावं ते सुचेना. तू सातवी शिकलेली, मी चौथीतून उठलेला. माझ्या वेलांट्या बघून तू हसणार हे ठरलेलंच आहे. हस, पण वाच.

वही शेडवर डुकरं तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दिली. दोन दिल्या होत्या. एकीत मी रोज किती डुकरं खोकली, कुणी खाद्य टाकलं, शेडवर बाहेरचं कोण आलं ते लिहितो. दुसरी कोरी होती. "ही तुम्हाला ठेवा आजोबा, मनातलं लिहायला," असं त्या म्हणाल्या. म्हटलं, बाई, माझ्या मनात काळजीशिवाय असतं काय? "मग काळजी लिहा."

तर लिहितो. आपल्या दोघांत मिळून एक फोन, तो माझ्याकडे राहिला. लेकीला फोन करावा तर जावईबापू उचलतात. आणि जावयाला कसं विचारायचं, की माझी बायको माझ्यावर अजून रागावली आहे का?

निघताना जे बोललीस ते अजून कानात आहे. "तुम्ही इथेच बसा डुकरांची बाळंतपणं करत. माझ्या लेकीचं मी बघते." मी सांगत होतो की महिनाभर दर गुरुवारी दोऱ्या बांधायच्या आहेत, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. ते तू ऐकूनच घेतलं नाहीस. त्याआधीचे दोन-तीन दिवस तर तू मला जवळही येऊ दिलं नाहीस. स्वयंपाकघरात वेगळं अंथरूण, तोंडावरून शाल, ताट घ्यायला आलो तर "लांबूनच घ्या". चाळीस वर्षांच्या संसारात एवढा राग मी पाहिला नव्हता. मधूनमधून तुला मिरचीचा ठसका लागायचा, तेवढाच काय तो तुझा आवाज.

मलाही मंगळवारपासून खोकला आहे. खाद्याची धूळ, दुसरं काय.

दोरीचं काम तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. "डुकरांना झोपाळे बांधता का?" म्हणून तू हसायचीस. तसं नाही. डुकराला धरून नाकात काडी घालायची तर चार माणसं लागतात आणि शेजारचं गाव जागं होतं. त्यापेक्षा प्रत्येक कप्प्यात सुताची एक जाड, कोरी दोरी टांगायची. डुकराची जात मोठी चौकस. दोरी दिसली की चावलीच. अर्धा तास सगळी मिळून चावतात. मग ओली दोरी पिशवीत घालून पिळायची, लाळ नळीत ओतायची, नळीवर कप्प्याचा आकडा लिहायचा आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. बाई ती प्रयोगशाळेत नेतात. माणसाला होणारे काही ताप म्हणे आधी डुकरांत शिजतात. शिजत असतानाच कळलं तर आवरता येतात. पंचवीस डुकरांची तब्येत एका दोरीत कळते, ही अक्कल ज्याची असेल त्याला माझा नमस्कार.

गाठी माझ्या. ट्रकच्या फाळक्यात अंगठा चेंगरला तेव्हापासून डाव्या हाताला जोर नाही, हे तुला ठाऊक आहेच. एक टोक उजव्या हातात, दुसरं दातांत, आणि एक हिसका. तीस वर्षं गोण्या अशाच बांधल्या. वरचे दोन दात आणि खालचे तीन अजून कामाला येतात. तोंडावरची पट्टी क्षणभर खाली करावी लागते, तेवढंच. बाकी बाईंनी सांगितलेलं सगळं पाळतो. आंघोळ, वेगळे कपडे, गमबूट, दारातल्या औषधपाण्यात पाय बुडवणं, हातमोजे. दोरीला दुसरं काही लागू देत नाही. परवा पाचव्या कप्प्याची दोरी जमिनीला टेकली तर मी ती फेकून दुसरी बांधली.

आता हात दुखला. बाकी उद्या.

९ तारीख, सोमवार

काल रविवार होता. फोनकडे बघण्यात गेला. आज धीर करून लावला.

जावयांनी उचलला. म्हणाले, "सगळं छान आहे बाबा. हिच्या बाळंतपणाला आता दोन-अडीच आठवडे उरले म्हणतात डॉक्टर."

"आणि ही?" मी विचारलं.

"आई ना? आई समोरच्या खोलीत असतात. शेजाऱ्यांची रिकामी होती, ती दिली त्यांनी. जेवण मी दाराशी नेऊन ठेवतो."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. तू लेकीसाठी गेलीस आणि तुला समोरच्या घरी ठेवलं? ताट दाराशी? आपण जावई निवडताना काय बघितलं होतं? मी म्हटलं, जरा तिला फोन द्या. ते घुटमळले. "आत्ता त्यांना बोलता येणार नाही बाबा. चार दिवसांनी करा ना." येणार नाही म्हणजे तू बोलणार नाहीस. एवढं कळतं मला.

शेडवर जाऊन लंगडीला सांगितलं. लंगडी म्हणजे चौथ्या कप्प्यातली म्हातारी डुकरीण, मागचा पाय ओढते ती. विताना मालकांनी तिला वेगळी काढली होती, आता पुन्हा चौथ्यात आहे. कानामागे खाजवलं की डोळे मिटते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या बुटाचा वास घेतला. बरं वाटलं.

खोकला आहे तसाच. अंगही जरा कणकण करतं.

११ तारीख, बुधवार

मालक सकाळी शेडच्या दारातच उभे होते. मालकांना मी मनात घड्याळ म्हणतो, कारण ते माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतात. आज मनगटाकडे बघत नव्हते.

"मामा, बाईंचा फोन आला. चौथ्या कप्प्याच्या दोरीत फ्लूचा विषाणू सापडला."

माझ्या हातातली बादली खाली आली.

"डुकरांचा आहे की कशाचा, ते मोठ्या प्रयोगशाळेत कळेल. तोवर शेड बंद. दुसऱ्या खेपेलाही निघाला तर..." ते आत डुकरांकडे वळले. मग म्हणाले, "तर सगळी मारावी लागतील बहुतेक."

मी लंगडीकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

१२ तारीख, गुरुवार

आज मी खोटं बोललो. वहीत तरी खरं लिहितो.

बाई आल्या त्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात. नुसते डोळे दिसत होते. एरवी गाडीतूनच "आजोबा, दात आहेत का अजून?" म्हणून ओरडणारी पोर, आज तिनं आधी मला लांब बाकावर बसवलं आणि कागद काढला.

"तुम्हाला खोकला, ताप, अंगदुखी?"

"खाद्याची धूळ जाते हो नाकात."

"घरात कुणाला?"

"घरात मी एकटाच आहे."

हे खोटं नाही, पण खरंही नाही. कारण त्या क्षणी मला एकदम तुझा ठसका आठवला. तुझं ते शाल ओढून बसणं आठवलं. तो राग नव्हताच की काय? तुला बरं नव्हतं की काय? मग मी बोटांवर हिशेब केला. डुकरांतून माझ्या अंगावर आला. मी तो घरी आणला आणि तुला दिला. आणि तू तो घेऊन आठवा महिना सरलेल्या लेकीकडे गेलीस.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? पांढऱ्या कपड्यांतली माणसं लेकीच्या दारात गेली असती. तुला तिथून उचललं असतं. ऐन बाळंतपणात आई जवळ नाही, आणि का, तर बापाला डुकरं सोडवेनात. तू मला जन्मात माफ केलं नसतंस. म्हणून धूळ म्हणालो.

बाई निघताना सहज बोलल्या, "आमच्या ऑफिसातल्या एका मुलीला सहावा महिना आहे, तिला मी या कामाला आणतच नाही. गरोदर बाईला हा ताप फार वाईट. लवकर कळलं तर गोळ्या आहेत, उशीर झाला की अवघड."

मी मान हलवली. दोऱ्या आज बांधल्याच नाहीत. पुढच्या गुरुवारी बांधू म्हणाल्या.

१४ तारीख, शनिवार

जेवण जात नाही. दुकानात गेलो नाही, कुणाजवळ उभा राहिलो नाही. खाद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर हाक मारत आला तर मीच ओरडलो, "तिथेच थांब!" तो म्हणाला, "काय म्हातारबा, मी कर्ज मागायला आलोय का?" बिचारा पोती टाकून गेला.

लेक चार वर्षांची असताना तिला गोवर निघाला होता. तू सहा दिवस तिच्या उशाशी बसलीस आणि मी सहा दिवस दाराबाहेर फेऱ्या मारल्या. आत यायचा धीर नव्हता. आत्ताही तेच चाललं आहे.

लवकर कळलं तर गोळ्या आहेत. लवकर म्हणजे किती लवकर? आज धरून मी दोन दिवस घालवले.

१६ तारीख, सोमवार

सांगितलं.

सकाळी बाईंना फोन लावला आणि त्यांनी "बोला आजोबा" म्हणायच्या आत सगळं ओकून टाकलं. माझा खोकला, तुझा ठसका, शाल, लेकीचे दिवस, समोरची खोली, दाराशी ताट. मग म्हणालो, "माझं काय करायचं ते करा. तुरुंगात घाला. पण माझ्या लेकीला त्या गोळ्या द्या. आणि तिच्या आईला तिच्यापासून तोडू नका."

पलीकडून पेन खरखरल्याचा आवाज आला. त्या सगळं लिहून घेत होत्या.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "खोकल्याला तुरुंग नसतो. समोरच्या खोलीत कधीपासून राहतात आजी?"

"पहिल्या दिवसापासून. जावयानंच..."

"जावयाला काही बोलला नाहीत ना?"

"अजून नाही."

"नका बोलू," असं म्हणून त्या हसल्या. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही. दुपारी त्यांनी येऊन माझ्या नाकात काडी घातली. डुकरं का ओरडतात ते आज समजलं. लेकीच्या गावच्या नर्सबाईंनाही त्यांनी कळवलं आहे.

१९ तारीख, गुरुवार

नर्सबाई तुमच्याकडे जाऊन आल्या म्हणे. दोघींच्या नाकातले नमुने घेतले, लेकीला सावधगिरी म्हणून गोळ्या सुरू केल्या. सगळ्याचा निकाल मंगळवारी. तुझं काय म्हणणं ते बाईंनाही ठाऊक नाही. नर्सबाईंचे कागद यायचे आहेत.

आज दोऱ्यांचा दिवस. बाई म्हणाल्या, "बांधायच्या आधी जरा शेडबाहेर या. या खांबाला एक बांधून दाखवा बघू, रोज बांधता तश्शी."

मी खूश झालो. इतक्या दिवसांत माझी गाठ कुणी बघितलीच नव्हती. पट्टी खाली केली, टोक दातांत धरलं आणि असा हिसका दिला की खांब हलला असता. म्हटलं, "ओढून बघा. डुकरानं ही सोडली तर मी मिशी उतरवीन."

बाईंनी ओढून बघितली. मग माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं. मग बराच वेळ त्या ओल्या टोकाकडे.

"फार पक्की आहे," त्या हळूच म्हणाल्या. "किती वर्षांची सवय?"

"तीस वर्षं गोण्यांची, अकरा डुकरांची."

त्या गाडीकडे गेल्या आणि लोखंडी आकड्यांची एक पिशवी घेऊन आल्या. आकडा दोरीला आधीच लावलेला. नुसता दांडीला अडकवायचा, एका हातानं, गाठच नको. "आजपासून सगळीकडे हेच वापरायचं ठरलंय," म्हणाल्या. खरं सांगू? मनाला लागलं. तीस वर्षांची विद्या एका आकड्यानं बाद केली. पण पोरीच्या तोंडावर असं काही मऊ होतं की मी वाद घातला नाही. अडकवले.

लंगडीनं दोरी चावली. सगळ्यांत शेवटी आली, बाकीच्यांनी वाट दिल्यावर. मी म्हटलं, नीट चाव बाई, तुझ्या लाळेवर आता सगळ्यांचा जीव आहे.

२२ तारीख, रविवार

काही नाही. खोकला गेला. मंगळवार येत नाही.

२४ तारीख, मंगळवार

बस. आधी बसून घे, मग वाच.

लेक स्वच्छ. तूही स्वच्छ. दुसऱ्या दोऱ्या स्वच्छ, चौथीही. एकाही डुकराला काही झालेलं नव्हतं.

बाईंनी मला आणि मालकांना बाकावर बसवून समजावलं. पहिल्या दोरीत सापडला तो डुकरांचा विषाणू नव्हताच. हिवाळ्यात माणसांना होतो तो साधा फ्लू. आणि त्या दोरीत डुकरांच्या लाळेबरोबर माणसाचीही लाळ होती, बाकीच्या दोऱ्यांत नावापुरती, हिच्यात भरपूर.

"माणसाची? माणूस कशाला चावेल दोरी?" मालक म्हणाले.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी आधी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मग माझी जीभ आपोआप त्या वरच्या दोन दातांवर गेली.

इतके दिवस मी पाय धूत होतो, हात धूत होतो, कपडे बदलत होतो, की डुकरांचं काही माझ्याकडे येऊ नये. माझं काही त्यांच्याकडे जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दात तर माझेच होते ना! माझ्या नाकातल्या काडीतही तोच फ्लू निघाला.

मी मालकांसमोर हात जोडले. त्यांनी कधी नव्हे ते मनगट खाली केलं. "म्हणजे मामा, अडीचशे डुकरं सोडून तपासणी झाली ती तुमच्या पाच दातांची?" आणि असे हसले की शेडमधली डुकरं ओरडायला लागली. बाई म्हणाल्या, चूक आमचीही आहे. दोरी कशी टांगायची ते आम्ही सांगितलं, ज्याचा अंगठा चालत नाही त्यानं ती कशी बांधायची ते नाही विचारलं.

मग मालक गेल्यावर त्यांनी मला नर्सबाईंचा कागद वाचून दाखवला. मी तो मागून घेतला आहे. तुझीच उत्तरं तुलाच लिहून पाठवतो, म्हणजे नाही म्हणता येणार नाही.

खोकला कधी सुरू झाला? "निघायच्या तीन दिवस आधी. गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते, तिथल्या रांगेतून आणला."

काय काळजी घेतली? "वेगळी झोपले, तोंड झाकलं. नवरा ऐकणारा नाही, डोकं दाबायला येऊन बसतो. म्हणून भांडण काढलं. भांडण काढलं की ते आपोआप लांब राहतात."

गरोदर मुलीशी संपर्क? "नाही. नऊ दिवस समोरच्या खोलीत राहिले. जावयांनी मुलासारखं केलं. आवाज पूर्ण बसला होता, फोनवरही बोलता येत नव्हतं. त्यांना सांगू नका म्हटलं, ते काळजीनं जेवत नाहीत."

आणखी काही सांगायचं आहे? "त्यांना खोकला झाला असेल तर तो माझ्याकडून. डुकरांना बोल लावू नये."

बाईंनी वाचलं आणि चष्मा पुसायला लागल्या. मी म्हटलं, धूळ फार आहे इथे. त्या म्हणाल्या, "हो आजोबा, खाद्याची."

चाळीस वर्षं मी समजत होतो की तुझा राग मला ओळखता येतो.

२५ तारीख, बुधवार

सकाळी जावयांचा फोन. "बाबा, निघालो आम्ही हॉस्पिटलला. कळा सुरू झाल्यात, आई बरोबर आहेत." मी त्यांना म्हटलं, "जावईबापू, तुम्ही फार चांगले आहात." ते गोंधळले. त्यांना वाटलं म्हातारा घाबरून बरळतो आहे. तेव्हापासून त्यांचा फोन लागत नाही. अकरा वेळा लावला.

उद्याच्या दोऱ्या शेवटच्या. त्या पेटीत गेल्या की आंघोळ करून मी निघतो, बाईंची परवानगी आहे. एक दिवस थांबतो म्हणून पुन्हा रागावू नकोस. लंगडीला मी अडचणीत घातलं होतं, तिला एकदा सहीसलामत बघून येतो. शेडवर आज एक पाटी लागली आहे: दोरीला दात लावू नये. खाली मालकांनी पेनानं लिहिलं आहे, "डुकरं वगळून".

खाद्याचा ट्रक तुमच्याच गावावरून परत जातो. ड्रायव्हर दाराशी हॉर्न वाजवतो आहे. ही वही त्याच्याबरोबर धाडतो. मला तोंडानं हे सगळं सांगता आलं नसतं.

मुलगा की मुलगी ते मागाहून सांग. आधी लेक कशी आहे ते सांग. मग तू जेवलीस का ते. आणि ते भांडण सगळंच्या सगळं औषध होतं, की त्यात चिमूटभर खरं होतं, तेही सांग. खरं असलं तरी चालेल. पण लवकर कळव ग. जावयाकडून नको, तू स्वतः फोन धर. मी तो हातातच घेऊन बसलो आहे. आवाज अजून बसलेला असला तर नुसती खोक. मी ओळखेन.